बेलाच्या सरबताची बाटली

नागपूर, ४ मे २०२४

ती. सुमतीताईंना सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण घरात तुमचा भाऊ पुष्कर सगळं ऐकतो.

पुष्करनं मागच्या न्हाणीघराची डार्करूम केली आहे. तुमच्या बाबांचं फोटो मोठे करायचं यंत्र माळ्यावरून काढलं. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आता सदर भागातून गुंजन नावाची कॉलेजातली मुलगी रोज दुपारी फोटो धुवायला शिकायला येते. आत लाल दिवा, दाराला कडी. परवा माझा भाऊ आला तरी दार उघडलं नाही. उजेड शिरला तर कागद काळे पडतात म्हणे. शिवाय ती सरांसाठी बेलाचं सरबत आणते आणि बाटली फ्रिजमध्ये माझ्या दह्याशेजारी ठेवते. मला कुणी घोटभर विचारत नाही. तुम्ही हसाल, पण माझा नुसता जळफळाट होतो.

तुमची माया आहेच, ती अशीच राहू द्या.

वैदेही

रामटेक, ९ मे

चि. सौ. वैदेहीस अ. उ. आशीर्वाद.

हसलेच मी. पुष्करला लहानपणापासून एखादं वेड लागलं की जेवणाचीही शुद्ध नसते, तिथं ती मुलगी त्याला कुठली दिसणार? तरी एक कर. आता बाटली दिसली की तूच पेलाभर पिऊन टाक. फ्रिज तुझा, हक्क तुझा. जीव थंड होईल वं.

उन्हात फिरू नकोस. लोभ ठेव.

सुमतीताई

नागपूर, १७ मे

ती. सुमतीताईंना सा. न. वि. वि.

घाबरू नका, परवाच दवाखान्यातून घरी आले. ताई, मी तुमचं ऐकलं.

सोमवारी दुपारी फ्रिजमध्ये तीच बाटली दिसली, काठोकाठ भरलेली, रंगही तसाच तपकिरी. रागारागानं पेला तोंडाला लावला. चव कळेपर्यंत दोन घोट पोटात गेले होते आणि घसा पेटला होता. ते फोटो धुवायचं औषध होतं. मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी चटके देतं आणि औषध तर गारच असावं लागतं, म्हणून पुष्करनं ते गुंजनच्या रिकाम्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलेलं. मला सांगायचं त्याचं राहून गेलं.

माझ्या हातून पेला पडल्याचा आवाज आला आणि त्यानं डार्करूमचं दार सताड उघडलं. रिक्षात मला घट्ट धरून तो एकच विचारत होता, “काहून प्याली वं तू ते?” मी बोलले नाही. डॉक्टरांना वाटलं, घसा पोळल्यामुळे बोलवत नाही. मी तिथं असेपर्यंत तो खाटेजवळून हलला नाही.

काल गुंजन भेटायला आली. दार उघडलं तेव्हा तिचे प्रदर्शनासाठीचे सगळे कागद काळे पडले, हे सांगताना तिचे डोळे भरून आले. मी तिची समजूत घातली. पण तुमच्यापासून काय लपवू, ताई? तेव्हा हातात पेजेची वाटी होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घोट सुखानं खाली उतरला.

हे पत्र वाचून फाडा, आणि माझ्यावरचा लोभ तेवढा राहू द्या.

वैदेही