स्थळाचा फोटो

५ नोव्हें. ८६
दिवाळीचे धुवायला आलेले रोल अजून संपत नाहीत. नखं डेव्हलपरने पिवळी झालीत. आई म्हणते, हातमोजे घाल. हातमोजे घातले की ट्रेमधला कागद हाताला कळत नाही, हे तिला पटत नाही. अप्पांना कधी बोलली नाही, मलाच बोलते. अप्पा जाऊन चार वर्षं झाली, स्टुडिओ अजून त्यांचाच आहे सगळ्यांच्या लेखी.

दुपारी भटवाडीतली संजू परब आली. दहावीच्या फॉर्मचा फोटो अप्पांनी काढला होता तिचा. आता विशीची आहे. टायपिंगला जाते, आणि साड्यांचे सेल लागतात तेव्हा साडी अंगावर घेऊन उभी राहते. तिथे कोणीतरी डोक्यात भरवलं, मॉडेलिंग कर. "मंदाताई, पोर्टफोलिओ काढशील? मला काही येत नाही, पण मी नीट उभी राहते."
मी म्हटलं, मलाही येत नाही. बारशी, मुंजी, पासपोर्ट आणि स्थळाचे फोटो, ह्यापलीकडे मी काय काढलंय? तरी हो म्हणून बसले. उंच आहे पोरगी. काउंटरपाशी उभी राहिली तर स्टुडिओच लहान वाटायला लागला.

७ नोव्हें.
संजूची आई सुमनवहिनी आली, तोंड घट्ट मिटून. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर हिच्यावर. तो विक्रोळीला वॉचमन आहे. मला वाटलं, भांडायला आली. तर म्हणाली, "काढ फोटो. पण त्यातलो एक चांगलो माका दी. तुळशीचा लग्न झाला की स्थळांका धाडूक होयो."
एका सिटिंगमध्ये दोन्ही कामं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

९ नोव्हें., रवि.
शटर अर्धं ओढून काम. संजूने आईची जांभळी साडी आणली, शिवाय मैत्रिणीची पँट आणि पांढरा शर्ट. तीन रोल. पहिल्या रोलला बुजली होती, मग सुटली. मान जरा तिरकी, हनुवटी खाली, आता नजर वर, ओठ मिटून हस. सांगितलं की लगेच करते, दोनदा सांगावं लागत नाही. शर्टात तर झकास दिसत होती. चेहरा मऊ यावा म्हणून लेन्सवर मोज्याची जाळी लावली, अप्पा लावायचे तशी.
फार दिवसांनी काम करताना भूक विसरले.

१३ नोव्हें.
प्रिंट्स झाल्या. संजूच्या डोळ्याखालचा व्रण निगेटिव्हवर पेन्सिलने भरला, कागदावर शोधूनही सापडत नाही. रंगही थोडा उजळ ठेवला, ठेवतोच आपण. सुमनवहिनीला साडीतला दिला. लेकीला बघत राहिली, मग पदर डोळ्यांना. "माझा चेडू इतक्या बरा दिसता?" मला भरून आलं. ह्यासाठीच करायचं हे काम.
उद्या-परवा कामतसरांना दाखवणार.

१६ नोव्हें., रवि.
अंधेरीला गेले. बसमध्ये पाकीट छातीशी धरून. कामतसर एके काळी अप्पांकडे प्रिंटिंग शिकायला यायचे. आता जाहिरातींचे मोठे फोटोग्राफर, स्टुडिओत तीन असिस्टंट. मला मात्र अजून "मंदे" म्हणतात.
सगळे प्रिंट टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. चहा आला, तो बाजूला सारला. मग म्हणाले, "मंदे, हे सगळे स्थळाचे फोटो आहेत."
मी म्हटलं, साडीतला आहे तसा, बाकी…
"सगळे. पँटमधले पण. ही पोरगी कुणाच्या तरी आईकडे बघतेय. मला पसंत करा, एवढंच म्हणतेय."
मग एकेक. जाळी कशाला? व्रण कुठे गेला? (पेन्सिल लावण्याआधीच्या कॉन्टॅक्ट प्रिंटवर दिसला त्यांना.) सावळी आहे ना, मग हिला पीठ कोणी लावलं? "काम स्वच्छ आहे तुझं. अप्पांपेक्षा स्वच्छ. पण ह्यात ती नाही."
मी पाकीट भरलं, निघाले. जिन्यात त्यांचा आवाज: "तिला घेऊन बाहेर जा. दिवे नेऊ नको."

१७ नोव्हें.
मेले ते कामतसर. डोकं दुखतंय. पासपोर्ट चार, कुटुंब एक, मूल रडकं.

१८ नोव्हें.
खरं तर राग त्यांचा नाही. काल दिवसभर समोर बसेल त्या माणसाला मी "मान जरा तिरकी" म्हणत होते. पेन्शनचा फोटो काढायला आलेल्या म्हाताऱ्यालाही म्हटलं. तोंडात बसलंय.
माझाही तसा फोटो आहे. अप्पांनी काढलेला, तेविसाव्या वर्षी. चांगला होता, खूप घरी जाऊन आला. प्रत्येक वेळी पाकिटातून परत आला की अप्पा कोपरे सरळ करून ठेवायचे. आता छत्तिसावं चालू आहे. त्या फोटोतल्या मुलीशी माझी कधी नीट ओळख झाली नाही. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि वाईट वाटतं आहे. फार वाईट वाटतं आहे.

२० नोव्हें.
सुमनवहिनी धावत आली. डोंबिवलीच्या स्थळाने फोटो पसंत केला. मुलगा कंपनीत फिटर, घर स्वतःचं. तीस तारखेला बघायला येणार. "तुझ्या हाताक यश आसा गो!" पेढा दिला.
कामतसरांनी नापास केलेला फोटो डोंबिवलीत पास झाला. हसावं की काय, कळेना. संजूला विचारलं तर म्हणाली, "येऊ दे ना. बघून जातील. आपण परत कधी काढायचे, ते सांग."

२३ नोव्हें., रवि.
मढ. वर्सोव्याहून सकाळची होडी. बंगल्यांच्या बाजूला शूटिंगवाल्यांच्या गाड्या, म्हणून उलट्या बाजूला कोळीवाड्याकडे गेलो. दिवे नाहीत, जाळी नाही, पावडर नाही. संजूच्या अंगात तिचा रोजचा पिवळट पंजाबी ड्रेस.
पहिला रोल वाया. मी तोंड मिटून उभी, तर ती विचारते, "ताई, मान कशी ठेवू?" मी म्हटलं, तुझी तू बघ. तर आपोआप तिरकी केली! मीच शिकवलेली. हसावं की रडावं, कळेना.
मग ती बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांपाशी गेली, ओढणी अडकली आणि सात-आठ बोंबील वाळूत. एक कोळीणबाई तरातरा आली. "ए बाय! फोटूला आमचंच बोंबील गावलं काय तुला? उचल आदी!" संजू आधी ओशाळली, वाकून उचलायला लागली. बाईचं तोंड काही थांबेना. कोण तुम्ही, कुठल्या, आईबापांनी काय शिकवलं. तेव्हा संजू सरळ झाली, दोन्ही हातांत बोंबील, आणि म्हणाली, "उचलतेय ना मावशी? मग आईबापाला कशाला मध्ये घेता?"
मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. व्रण, घाम, केस तोंडावर, सगळं.
बाई फस्सकन हसली. "तोंडाची तिखट हाय गो तुझी पोरगी." माझी पोरगी! आम्हाला पाणी दिलं. संजूने उरलेले सगळे बोंबील तिच्याबरोबर पुन्हा बांबूवर घातले. ते मी काढले नाहीत. रोल संपला होता.

२४ नोव्हें.
कागद ट्रेमध्ये सोडला आणि ती वर आली. आधी डोळे, मग ओठ, मग तो व्रण. लाल दिव्यात उभी राहून मी मोठ्याने "अगं बाई" म्हटलं. पेन्सिल हातात घेतली नाही.

२६ नोव्हें.
अंधेरी. कामतसरांनी आधी चुका काढल्या. क्षितिज वाकडं, मागे बांबू डोक्यातून उगवलाय, फोकस किंचित मागे. मग हातात बोंबील घेतलेला तो एकच उचलला आणि खिडकीशी नेला. "ही आहे," एवढंच.
सुती कापडाच्या एका जाहिरातीसाठी नवा चेहरा शोधताहेत. संजू हो म्हणाली तर जाहिरात देणाऱ्या पार्टीला हा फोटो दाखवणार. पसंत पडला तर आधी टेस्टचे फोटो, मग उन्हाळाभर काम. "आठ तारखेपर्यंत तिने स्वतः मला फोन करायचा. तू नाही, आई नाही. घरच्यांनी हो म्हणायचं आणि पोरगी रडत यायची, असं दोनदा झालंय माझ्याकडे. तिच्या तोंडून ऐकायचंय."
परत येताना बसमध्ये उगाच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

२७ नोव्हें.
संजूला सांगितलं. आधी विश्वास बसेना, मग शेजारच्या केमिस्टकडे फोन करायला निघालीच. दारातून परत आली. "तीस तारीख होऊ दे. घरात आत्ता काही काढलं तर आई कोसळेल."

३० नोव्हें., रवि.
बघून गेले. रात्री संजू पाच मिनिटं येऊन गेली. पसंत. जानेवारीत साखरपुडा म्हणतात. मुलगा श्रीधर. "बरा आहे गं ताई. मला विचारलं त्याने, टायपिंग पुढे करणार का. असं कोणी विचारत नाही." मग म्हणाली, "वाईट असता तर सोपं होतं."

२ डिसें.
वाट लागली. संजूने घरी सांगितलं, मढचा फोटोही दाखवला. सुमनवहिनी फोटो घेऊन थेट माझ्याकडे. गिऱ्हाइक बसलेलं, त्याच्यासमोर काउंटरवर आपटला.
"ह्यां कोण? ह्यां माजां चेडू न्हय. हातात सुकी मासळी, केस पिंजारलेले, डोळे असे जशी काय खावक उठली हा. त्येंनी बघल्यानी तर सोयरीक मोडतली. जाळून टाक. निगेटिव पण."
मी म्हटलं, निगेटिव्ह स्टुडिओत राहते वहिनी, पहिल्यापासून रीत आहे.
"चेडू माजां आणि निगेटिव तुझी?"
मी फोटो उचलून गल्ल्यात ठेवला. ती खाली बसली मग, पायरीवर. हळू आवाजात म्हणाली, "मंदा, तुझ्या फोटोन जुळला गो. तूच कित्या मोडतंस?" मी पाणी आणून दिलं. तिने घेतलं नाही.

४ डिसें.
केमिस्टच्या फोनपाशी उभी राहिले. संजूच्या नावाने हो सांगून टाकावं, मग होईल ते होईल. नंबर पाठ आहे. रिसीव्हर उचलला आणि ठेवला.
मला संजू पुढे जायला हवी आहे, की माझा फोटो? प्रामाणिकपणे लिहायचं तर दोन्ही. आणि कुठलं जास्त, हे मी आज सांगू शकत नाही. इतकं चांगलं मी कधी काढलं नव्हतं. तो लोकांनी बघावा असं मला वाटतं, अगदी हावरटासारखं वाटतं. म्हणूनच माझं तोंड मी बंद ठेवलेलं बरं.

७ डिसें., रवि.
संजू श्रीधरला घेऊन आली! दोघंच. आईला माहीत नाही. शर्ट इस्त्रीचा, हातावर ग्रीसचा न गेलेला डाग. मला वाकून नमस्कार करायला लागला, मी थांबवलं.
संजू म्हणाली, "ताई, तो दाखव." मी दिला. त्याने दोन्ही हातांत धरला. कडेला धरला, बोटं मध्ये न लावता. ते मला आवडलं.
"वेगळी दिसते."
"कशी?"
"रागावल्यासारखी."
"रागावते मी," संजू म्हणाली. "रोज नाही."
तो हसला. खरंच बरा आहे. मग तिने कामाचं सांगितलं. अंधेरी, टेस्ट, उन्हाळाभर, तिचे फोटो छापून येतील, लोक बघतील. तो ऐकत होता. फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला.
"आईला विचारून सांगतो."
"आईंना काय वाटेल ते आईंना विचारू. तुम्हाला काय वाटतं?"
मी पडदा गुंडाळायचं काम काढलं.
"मला आवडला," तो म्हणाला. "पहिल्यापेक्षा हाच. पण मी एकटा थोडाच आहे."
चिडून म्हणाला नाही. दमलेल्या आवाजात म्हणाला. फोटो मागितला, घरी दाखवायला. संजूने माझ्याकडे पाहिलं. मी दिला. त्याने तो पाकिटात घालून शर्टाच्या आत ठेवला आणि निघून गेला. उत्तर कधी देणार, ते कोणीच विचारलं नाही.

८ डिसें., सोम.
शटर उघडत होते तर संजू उभी. डोळे सुजलेले. रात्री घरात बोलाचाली झाली, बाबांनी जेवण टाकलं. डोंबिवलीहून काही निरोप नाही.
"ताई, मी हो म्हटलं तर मोडेल?"
"मोडू शकतं."
"आणि नाही म्हटलं तर तो मला पुढे कधी बोलून दाखवणार नाही. तसा नाहीये तो. मीच बोलून दाखवीन स्वतःला."
तिने विचारलं, "तू काय केलं असतंस?" खरं ते सांगितलं, की मला कधी कोणी विचारलंच नाही, त्यामुळे माहीत नाही. तिने माझ्या हाताला हात लावला. मग म्हणाली, नंबर दे.
कागदावर लिहून दिला. बरोबर येऊ का म्हटलं, नको म्हणाली.
मी दारातच थांबले. ती केमिस्टच्या काउंटरपाशी गेली, माझ्याकडे पाठ. एकदा फिरवला, लागला नाही. पुन्हा फिरवला. कोणीतरी उचललं असावं, कारण ती एकदम ताठ झाली आणि मोठ्याने म्हणाली, "मी संजीवनी गोविंद परब बोलतेय." मध्ये दुधाचा टेम्पो येऊन उभा राहिला, इंजिन चालूच. पुढचं मला ऐकू आलं नाही.