डब्यावरची पट्टी

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

खूप खूप आशीर्वाद. तू, तुझा संसार आणि तुझी ती कंबर, तिघंही ठीक असाल असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला. माझा गुडघा जिथल्या तिथे आहे.

फोन असताना ही बाई कागद का नासतेय, असं म्हणशील. कारण तुला ठाऊक आहे. परवा फोनवर तू "ताई, हे तू मला कालच सांगितलंस" म्हणालीस ते मला लागलं. वर "पिल्लूला सांभाळायला घेण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून ये" हे जोडलंस ते तर फारच लागलं. म्हणून फोन आपटला. त्या विषयावर मी काहीही लिहिणार नाही. लेक महिनाअखेरीस कामावर रुजू होतेय, नात दिवसभर आमच्याकडे राहणार, ठरलं ते ठरलं. पाळणा मी माळ्यावरून काढून, पुसून, नवी दोरी लावून ठेवलाय. तिचे औषधाचे थेंब कधी, किती, हे लेकीने मला समजावून दिलंय, आणि जन्मभर थेंब मोजूनच मी पगार घेतला हे तू विसरू नकोस.

तर आता दुसरीच गंमत ऐक. निवृत्त झाल्यावर ह्यांनी बाहेरच्या खोलीत माशांची टाकी मांडली, ती तू पाहिलीस. खाली बारीक खडी, त्यात लावलेल्या हिरव्यागार वनस्पती, आणि मधून फिरणारे नखाएवढे मासे. त्या टाकीत जंत झालेत! सकाळी काच पुसायला गेले तर आतल्या बाजूला पांढरे, केसाहून बारीक धागे वळवळतायत. ह्यांचा चेहरा असा पडला की जणू त्यांनाच झालेत. मी म्हटलं, "अहो, प्रयोगशाळेत तीस वर्षं मी लोकांच्या पोटातले जंतच पाहिलेत. हे माझ्याकडे द्या."

ड्रॉपरने एक उचलला, काचपट्टीवर घेतला आणि जुनं भिंग काढलं. डोकं बाणासारखं टोकदार नाही, अंग चपटं नाही. म्हणजे मासेखाऊ जात नव्हे. खडीत राहणारे गरीब जीव, उरलंसुरलं खाऊन जगणारे. औषधाची गरज नाही. माशांना घातलेलं खाणं उरतं, ते खडीत कुजतं, त्यावर हे वाढतात. खाणं कमी केलं, नळीने खडीतली घाण ओढून काढली, थोडं थोडं पाणी बदललं की आपोआप कमी होतात. निदान झालं, उपाय झाला. ह्यांना सक्त ताकीद दिली, दिवसातून एकदाच आणि तेही चिमूटभर. ते नुसतं "बरं" म्हणाले. हल्ली फार बरं बरं करतात.

राग धरू नकोस. मीही सोडलाय.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. फोनचा विषय तू काढला नाहीस हे शहाणपणाचं केलंस.

जंत कमी झालेले नाहीत. वाढलेत. आधी काचेवर होते, आता मधल्या पाण्यातही तरंगताना दिसतात. पानांवर राखाडी साय आल्यासारखी झालीय. खोलीत शिरलं की कुबट वास येतो, कपड्यांच्या ढिगाखाली ओला टॉवेल राहावा तसा. काल दोन मासे उलटे तरंगत होते. बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतात. मी समोर उभी राहिले की सगळे माझ्याकडे धावत येतात, आणि मला ते बघवत नाही.

ठमे, कोणीतरी टाकीत खाणं घालतंय. भरपूर घालतंय. घरात माणसं दोन. मी घालत नाही.

ह्यांना विचारलं. "मी नाही घातलं," म्हणाले, पण माझ्या नजरेला नजर देईनात. मी आवाज चढवला. म्हटलं, "कबूल करा, विसरलात. घालता आणि विसरता आणि पुन्हा घालता." तर हा माणूस, ज्याने चाळीस वर्षांत मला एक वाद जिंकू दिला नाही, खाली मान घालून म्हणतो, "असेल. माझ्याकडूनच होत असेल." भांडले असते तर बरं वाटलं असतं.

आणि हे एकच नाही. माळ्यावरून पाळणा काढून, नवी दोरी लावून ठेवलाय. मी विचारलं, "हे कधी केलंत?" तर दोरीची गाठच तपासत बसले. मी स्वयंपाकघरात गेले की मागोमाग येतात, गॅसचं बटण हात लावून बघतात. मी फिरायला निघाले की चप्पल शोधायला लागतात. दुपारी मी आडवी झाले की नळी घेऊन टाकीपाशी बसतात. जन्मात स्वतःचा कप न विसळलेला माणूस! ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

तेव्हा मी माझ्या पद्धतीने काम हाती घेतलंय. तुला आमच्या प्रयोगशाळेची शिस्त आठवते? बाटलीचं झाकण बंद केलं की त्यावरून आडवी कागदी पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर सही करायची. कोणी उघडली तर पट्टी फाटणार. आणि ज्याने उघडली त्याने बंद करताना फाटलेल्यावर नवी पट्टी लावून स्वतःची सही करायची. ती सवय माझी अजून गेली नाही. घरात लोणच्याची बरणी उघडली तरी मी पट्टी शोधते म्हणून लेक हसते. तर खाण्याच्या डब्यावर मी पट्टी लावलीय, सही ठोकलीय. काही दिवस मासे उपाशी. त्याने ते मरत नाहीत, उलट खडी साफ करतात. बघू आता पट्टी कोण फाडतं.

एक विचारायचं होतं. आई विसरायला लागली तेव्हा सुरुवातीला काय काय झालं होतं? तिच्याजवळ तू होतीस, आणि आधी ओळखलंसही तूच. नीट आठवून लिही. ह्यांच्यासाठी विचारतेय. पिल्लू घरात येणार, तेव्हा मला सावध राहायला हवं. लेकीला यातलं एक अक्षर बोलू नकोस, ती उगाच घाबरेल आणि पिल्लूला कुठल्यातरी परक्या बाईकडे ठेवेल. हे मी सहन करू शकणार नाही.

तुझी ताई


२५ फेब्रुवारी (तारीख ह्यांना विचारून घातली आहे)

ठमे,

आज विचारपूस नाही, कंबर नाही, गुडघा नाही. सुचतंय तोवर लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा हे हाताशी लागेल याची मला खात्री नाही.

पट्टी कोणी फाडली नव्हती. रोज सकाळी बघत होते. अखंड, वर माझी सही. आणि टाकीत जंत इतके, की काच पुसलेला बोळा हातात धरवेना. ओंजळभर मासे गेले. आज मला वाटलं, ह्यांनी माझी सही गिरवली. हो, असाही विचार केला मी ह्या माणसाबद्दल. नकली सही ओळखायला भिंग घेऊन डबा खिडकीशी नेला. बोटाला झाकणाची कड जाड लागली. नखाने पट्टी उचलली. तिच्याखाली फाटलेली पट्टी होती. तिच्याखाली आणखी एक. मी सोलत गेले, कांदा सोलतात तशी. प्रत्येकीवर सही, आणि प्रत्येक सही माझी. गिरवलेली नाही, ठमे. सहीतला तो खाली ओढलेला फराटा कोणाला गिरवता येत नाही, आमच्या साहेबांनाही जमला नव्हता. डबा तळाशी आला होता. माझ्या घरात घालायच्या झग्याच्या खिशात चुरा होता, माशांच्या खाण्याचा, आणि तो ताजा होता.

शिस्त बघ माझी. उघडला, घातलं, बंद केला, नवी पट्टी, सही. यातलं एवढंसं मला आठवत नाही. हात मात्र काही विसरले नाहीत.

हे दारात उभे होते. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

तर काय म्हणाले असतील? म्हणाले, "सांगितलं होतं. तू हाच डबा घेऊन इथेच उभी होतीस. खूप रडलीस. आपण डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला हाका मारायला लागलीस, अहो लवकर या, टाकीत जंत झालेत."

मी डबा खिडकीत ठेवला.

"तेव्हा पुन्हा सांगायचं माझ्याच्याने होईना," ते म्हणाले. "तू झोपलीस की नळीने जेवढं निघेल तेवढं काढत होतो. आणि खायला घालताना तू इतकी खुशीत असतेस गं. त्यांच्याशी बोलतेस. उपाशी ठेवलं माझ्या लेकरांना, म्हणतेस."

ते रडत होते. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, ठमे. ते मासे माझ्याकडे आ वासून धावत यायचे ते मला दिसायला लागलं. मी त्यांना मायेने खाऊ घालून घालून मारलं. आणि मग पाळणा दिसला. पाळण्याशेजारी फळीवर लेकीने आणून ठेवलेली थेंबांची बाटली. तिच्या झाकणावर मी पट्टी लावून ठेवलीय. वर सही आहे.

पिल्लूला इथे आणायचं नाही. हे मी, पूर्ण शुद्धीवर असलेली मी, सांगतेय.

हे लेकीला सांगणार नाहीत. मी समोर उभी राहिले की ते बरं बरं करतील. म्हणून तू सांग. पत्र मिळाल्या मिळाल्या सांग, परवा पिल्लू यायची आहे. मी तुला फोन करेन, मला माहीत आहे. करेन आणि विचारेन की माझ्या लेकीचे कान कोणी भरले. वाट्टेल ते बोलेन. तू आईजवळ होतीस याचाही उद्धार करेन, माझी जीभ तुला ठाऊक आहे. ऐकून घे आणि हलू नकोस. हे पत्र मला वाचून दाखव. अक्षर माझं नाही म्हटलं तर तो फराटा दाखव. आणि मी पुन्हा तशीच घाबरले, पहिल्यांदाच कळल्यासारखी घाबरले, तर गं, तेवढ्यापुरतं माझ्याजवळ थांब. ह्यांना आता एकट्याने झेपत नाही. जमलं तर थोडे दिवस येऊनच राहा.

आईचं कसं होतं ते तू लिहिलेलं पत्र आज पुन्हा वाचलं. त्यातलं सगळं जुळतं. मी ते ह्यांच्यासाठी मागवलं होतं.

पाकीट लगेच ह्यांच्या हातात देते. माझ्याकडे राहिलं तर मी ते फोडेन, वाचेन, आणि कोण जाणे काय करेन. ते स्पीड पोस्टाने, उद्या पोचेल असं, टाकून आल्याचं मी संध्याकाळी त्यांना विचारणार आहे. विचारलं नाही, तर ते तुला तसं कळवतील.

नमुना : ताई
तपासणारी : ताई