सव्वा इंच

टोलेडो, ओहायो
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय कोरीन,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? तिच्या निळ्या कोटाचं अस्तर बदलून तयार आहे. शिवण हातानेच घातली. मशीनने कापड ओढलं गेलं असतं.

तुझे बाबा गेल्याला आज तेवीस दिवस झाले. वकील न परवडणाऱ्यांची बाजू ते ज्या कचेरीतून लढले, तिथलं कपड्यांचं कपाट अजून तसंच आहे. कोर्टात घालायला धड काही नसलेल्या आरोपींसाठी जमवलेले कोट. बावीस वर्षं त्यातला एकेक कोट मी अंगाबरोबर करून दिला. कुणाकडे शिकलो नाही. जुने कोट उसवून शिकलो.

शनिवारच्या स्मरणसभेत मी बोलावं म्हणतेस. 'बाबांनी सोडवलेला निर्दोष माणूस' म्हणून. तीन दिवस कोरा कागद पुढ्यात आहे.

माझ्या खटल्याच्या सकाळी बाबांनी त्याच कपाटातला राखाडी कोट मला चढवला. मी कुरकुरलो, "डावी बाही लांब आहे."

"सरळ उभा राहा. कोट घातलायस, पोतं नाही."

"पण उजवी बरोबर आहे!"

"मग उजवीकडे बघ. आणि साक्षीला तू उभं राहायचं नाहीस. बोलायचं काम माझं."

तू केलंस का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. कुणालाच विचारत नसत. ज्युरीने मला सोडलं. पुढे दर नाताळला मी तुमच्या टेबलाशी, तुझ्या शेजारी जेवलो. मला वाटे, त्यांना माहीत नाही. आणि त्या बाहीचं म्हणशील तर, वकिलाला शिवणातलं काय कळतं, असं मी लोकांना हसत सांगत आलो.

आता तू लिहितेस, की खटल्याच्या आदल्या रविवारी जेवणं झाल्यावर ते राखाडी कोटाची एकच बाही उसवत बसले होते, सुईत दोरा तू ओवून दिलास, आणि "दुसरी का नाही?" विचारलंस तर म्हणाले, "हाच हात घाबरतो गं."

काल तो कोट काढून मापला. डावी बाही सव्वा इंच जास्त.

औषधाच्या दुकानाचा रखवालदार ऑर्विल स्टॅम्प्स, त्याचं नाव निघालं की माझा डावा हात थरथरायचा. तो साक्ष देत होता तेव्हाही थरथरला. बाहीत कुणाला दिसला नाही. त्या दुकानात मीच शिरलो होतो, कोरीन. पाठीमागून त्याच्या डाव्या कानावर पहार मीच मारली.

ऑर्विल माझ्याकडेच पँट आखूड करायला येतो. उजवा कान पुढे करतो. "या बाजूने बोल, टिडवेल. पलीकडचं दुकान कायमचं बंद!" आणि स्वतःच हसतो. मी टाचण्या तोंडात धरतो, म्हणजे बोलावं लागत नाही.

त्याच गुन्ह्यासाठी कायदा मला पुन्हा उभं करू शकत नाही, हेही बाबांनीच सांगितलं होतं. तेव्हा यात शौर्य काही नाही.

गुरुवारी ऑर्विलच्या घरी जातो आहे. त्याच्या उजव्या बाजूला बसून सांगेन. त्यानंतरही मी बोलावं असं तुला वाटलं, तर कळव. तोच कोट घालून येईन. डावी बाही उजवीइतकी करून घेतली. उसवलेला दोरा या पत्रासोबत ठेवला आहे. टाके त्यांचे होते, पण तो तू ओवला होतास.

ज्याला त्यांनी कधीच विचारलं नाही, तो
लायल टिडवेल