बाबांच्या खोलीचं स्तोम

४ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

शब्दकोशाचं काम ‘स्तोम माजवणे’पाशी रुतून बसलंय. मी अर्थ लिहिला: एखाद्या गोष्टीला नको तितकं महत्त्व देऊन तिचा गाजावाजा करणे. संपादकबाई म्हणतात, अर्थ ठीक, पण उदाहरण अगदीच निर्जीव. घरात बोललं जाणारं वाक्य आणा. आदर कुठे संपतो आणि स्तोम कुठे सुरू होतं, ते त्यातून कळलं पाहिजे. तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून तुलाच विचारतोय.

तू माहेरी आहेस म्हणून विचारतो, बाबांची घड्याळं चालू आहेत ना? रविवारी चावी द्यायला विसरू नकोस, असं आईला सांग.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ जानेवारी

चि. धाकट्यास अ. आ.

घे वाक्य: ‘लेकाने वडिलांच्या खोलीचं स्तोम माजवलं आणि आईचा हात मोडला.’

रविवारी वरच्या घड्याळाला चावी द्यायला ती स्टुलावर चढली आणि पडली. तुला कळवू नको म्हणाली, पण मी कसली ऐकते! अरे, बाबा घड्याळजी होते. दुरुस्त झालं की घड्याळ गिऱ्हाइकाला देऊन मोकळे व्हायचे. ते गेल्यावर त्यांची खोली जशीच्या तशी ठेवायचं खूळ तुझं. घरात ऊन येतं ते तेवढ्या एकाच खोलीत, आणि आई मागच्या ओल धरलेल्या खोलीत खोकत पडते. आदराची झळ दुसऱ्याला लागत नाही रे. आता तूच काय तो फरक ओळख.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू सासरी परतलीस त्याच संध्याकाळी मी घरी पोचलो. घड्याळं उतरवली, बाबांचं टेबल बाहेर काढलं, आईचा पलंग खिडकीशी लावला. तिचा प्लास्टरमधला हात पाहून मान वर करवत नव्हती. तुझं वाक्य बाईंना एक शब्दही न बदलता पाठवलंय.

शेवटी आईला विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुझ्या प्रत्येक पत्रात घड्याळांची चौकशी असायची; ती बंद पडली असती, तर तू पत्र कशाला लिहिलं असतंस?

ताई, तू तरी माया कमी करू नकोस.

तुझा अपराधी,
धाकटा