आवाज झाला तर परत

दांडिया बाजार, बडोदे
१२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. मृदुलाआत्यास,
बडोद्याहून आशयचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. ज्या शब्दांखाली तू लाल रेघ ओढली होतीस ते सगळे शब्दकोशात पाहून पुन्हा लिहून काढले. अकरावीत शाळा सुटली, पण आत्याच्या पत्रांची शाळा काही सुटायची नाही, असे आई म्हणते.

आता बातमी. मी कन्सोल घेतो आहे. म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, तुमच्या ओजसकडे आहे तसलेच. इंटरनेट नीट चालले तर तो सांगलीत आणि मी बडोद्यात बसून एकाच मैदानात फुटबॉल खेळू शकू, आणि खेळता खेळता बोलूही शकू. मकरपुऱ्याला कंपनीच्या स्टोअरमध्ये दिवसभर माझे कोणाशी फारसे बोलणे होत नाही, म्हणून मला याचे फार अप्रूप वाटते आहे.

आईने लगेच हो म्हटले. बापूंनी अट घातली. आमचा टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे आणि त्याला लागूनच बापूंची खुर्ची आहे. निवृत्त झाल्यापासून ते तिथेच पेपर वाचत बसतात. ते म्हणाले की जन्मभर कंपनीत यंत्रांची घरघर सोसली, घरात ती नको. आवाज झाला तर त्याच दिवशी परत.

तेव्हापासून मला चैन नाही. दुकानदार म्हणतो, आवाज अजिबात नाही. पण आत पंखा आहे म्हणजे तो फिरणार, आणि फिरला म्हणजे वाजणार. तू ओजसला तीन गोष्टी विचारून कळवशील का? पंखा किती वाजतो, यंत्र किती तापते, आणि राउटर मागच्या खोलीत असला तर जुन्या जाड भिंतीतून वाय-फाय पोचते का? मी त्याला मेसेज केले, पण तो उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवतो.

बापूंची प्रकृती चांगली आहे. तुमच्या प्रियाताईच्या लग्नात तू त्यांना जे बोललीस त्याचा विषय मी काढलेला नाही. पोराला शाळा सोडू दिलीस, हे तू माझ्या काळजीनेच म्हणालीस, हे मला कळते. पण त्यावरून ते तीन वर्षे तुझ्याशी फोनवर बोलत नाहीत, याचे कारण मी आहे, हे मनातून जात नाही.

तुझी माया आहे तशीच राहावी, चुकांच्या रेघा मात्र कमी व्हाव्यात.
तुझा,
आशय


सांगली
१८ सप्टेंबर २०२५

चि. आशयास, मृदुलाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्रात एकही लाल रेघ ओढावी लागली नाही, म्हणून जरा रागच आला. मास्तरणीला निवृत्तीनंतर तेवढाच विरंगुळा असतो.

तुझे प्रश्न ओजसला वाचून दाखवले. तो हसला आणि म्हणाला की आशय कन्सोल घेतोय की मुलगी पाहतोय. तरी उत्तरं दिली. पंखा वाजतो, पण शेजारी बसून कान दिला तरच. यंत्र तापतं, मागच्या जाळीतून गरम हवा सोडतं, त्यामुळे चारी बाजू मोकळ्या हव्यात. भिंतीवर भरवसा ठेवू नकोस, राउटरपासून सरळ वायर ओढ. हे त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, जणू मीच जोडायला जाणार आहे.

आता माझं. गणपतीत मी फोन केला होता. बापूने उचलला, मी नमस्कार म्हटलं, तर हा म्हणतो, हो हो, बरं आहे, शालिनीशी बोल, आणि फोन तुझ्या आईकडे. झालं. मागे ओजसने व्हिडिओ लावून दिला होता, तो अडखळत चालला होता, तेव्हा तर हा खुर्चीतून उठूनच गेला. लग्नात मी चारचौघांत बोलायला नको होतं, मान्य. पण तेव्हा भांडला असता तर बरं झालं असतं. माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, हो हो, नक्की. त्या थंडपणाचा काटा अजून निघत नाही. सख्खा धाकटा भाऊ, लहानपणी माझ्या ताटातला गूळ पळवणारा. मी आता चौसष्ट वर्षांची आहे रे. किती दिवस रुसायचं असतं माणसाने?

यातलं त्याला काही सांगू नकोस. तू स्वतःला मात्र कारण समजू नकोस, बोलले ती मी.

शालिनीला विचारल्याचं सांग. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण असू दे, एकाला जरा जास्त.
तुझी,
मृदुलाआत्या


दांडिया बाजार, बडोदे
३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहीत आहे. काही चुकले असेल तर या वेळी रेघा ओढू नकोस.

कन्सोल नवरात्रात आला. ओजसने सांगितले तसे सगळे केले. भिंतीच्या कडेने वायर ओढली, चारी बाजूंना जागा सोडली. आवाज इतका कमी की मी कान टेकवून ऐकायचो. रोज बापूंना विचारायचो की त्रास होत नाही ना, आणि ते म्हणायचे, ठीक आहे, चालेल. मला वाटले, अट पार पडली.

काल दसरा. तुला आपल्याकडची पद्धत माहीत आहे. शिलाईयंत्र, मिक्सर, बापूंची स्कूटर, सगळ्यांची पूजा झाली. आईने कन्सोललाही हळदकुंकू लावले. तो तेव्हा चालूच होता, कारण दुपारी ओजसबरोबर खेळायचे ठरले होते आणि नवा गेम इंटरनेटवरून उतरत होता. टीव्ही बंद असल्यामुळे आईला तो बंदच वाटला. मी शेजाऱ्यांना सोने द्यायला बाहेर पडलो.

आईची सवय तुला ठाऊक आहे. आमच्या घरात झाकण नसलेली वस्तू नाही. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, रिमोटलासुद्धा आहे. माझ्या नकळत तिने कन्सोलसाठी मखमलीचे झाकण शिवले होते, आतून जाड अस्तर, कडेला जरीची पट्टी. मागे एवढ्या जाळ्या आहेत, धूळ जाईल, म्हणून मागची बाजूही बंद. दसऱ्याचा मुहूर्त साधून तिने ते घट्ट चढवले, वर झेंडूचा हार घातला आणि स्वयंपाकघरात गेली.

मी जिन्यात होतो तेव्हा आवाज सुरू झाला. आत्या, मी तसा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. पंखा असा ओरडत होता की पिठाची गिरणी सुरू झाली असे वाटावे. आई हातात झारा घेऊन धावत आली. खालच्या मजल्यावरच्या रसिकाबेन फाफडा-जलेबीची थाळी घेऊन वर येत होत्या, त्या उंबऱ्यातूनच विचारू लागल्या की आ शुं फूट्युं, हे काय फुटले. मी झाकण ओढून काढले, हार तुटला, झेंडू सगळीकडे पसरले. मला एकच दिसत होते, की बापू आता परत कर म्हणणार.

बापू खुर्चीत होते. यंत्रापासून हातभर अंतरावर. पेपर वाचत होते.

त्यांनी मान वर केली ती पायाशी झेंडू घरंगळत आला तेव्हा. आम्हा तिघांना पाहून ते हसले आणि विचारू लागले की सोने द्यायला कोण आले आहे. यंत्र अजून ओरडत होते.

रसिकाबेन गेल्यावर मी बापूंच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. नेहमीच्या आवाजात बापू अशी हाक मारली. मग मोठ्याने. मग खाली रसिकाबेनना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्यांनी पेपरचे पान उलटले.

आमच्या कोपऱ्यावर गरब्याचे स्पीकर लागले होते, सगळी गल्ली वैतागली होती, आणि बापू गाढ झोपायचे. आम्ही कौतुक करायचो. टीव्हीवर ते फक्त खाली अक्षरे पळणाऱ्या बातम्या पाहतात. आईला सांगितले तर ती झारा ठेवून शेजारी बसली. म्हणाली, हाकेला ओ देत नाहीत, तर मला वाटायचे नवरे असेच असतात.

आणि आत्या, हेच बापू रोज सकाळी स्कूटर घेऊन रावपुऱ्याच्या गर्दीत भाजी आणायला जातात. मागून बस आली तर त्यांना कळणार कसे? सांगावे तर त्यांचा मान दुखावतो, न सांगावे तर जीव जातो. मी काय करू? आज सकाळी मी स्कूटरची किल्ली लपवली. ते शोधत आहेत आणि मी मकरपुऱ्याच्या बसमध्ये न बसता इथे लिहीत बसलो आहे.

लवकर लिही. या घरावर हात असू दे.
आशय


सांगली
८ ऑक्टोबर २०२५

चि. आशय, आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं. मग पुन्हा बसून वाचलं. ओजसने विचारलं की आई, कोण गेलं. मी म्हटलं, कोणी गेलं नाही.

किल्ली लपवणं बंद कर. त्याची वस्तू त्याच्यापासून चोरून तो सुरक्षित होणार नाही, फक्त चिडेल. त्याच्या समोर बस, उजेडाकडे तोंड करून, आणि जे पाहिलंस ते सावकाश सांग. ओरडू नकोस. एवढी वर्षं तो आपल्या तोंडांकडे बघून जगतो आहे, हे आता माझ्या लक्षात येतं. शाळेत माझ्या वर्गात असा एक मुलगा होता, पहिल्या बाकावर बसायचा, माझ्या ओठांवरची नजर हलवायचा नाही. त्याला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. आणि सख्ख्या भावाला ओळखलं नाही.

फोनवर तोंड दिसत नाही. अडखळत्या व्हिडिओत ओठ एकीकडे आणि आवाज एकीकडे. म्हणून तो उठून गेला. अरे, मग तीन वर्षं मी कोणाच्या रागाला घाबरत होते? फोन लावायच्या आधी पाणी पीत होते, शब्द जुळवत होते. आणि तिकडे तो फोन वाजला की घाबरत असेल.

एक विचारायचं धाडस होत नाही, तरी विचारते. लग्नात मी बोलले, ते त्याने ऐकलं होतं का?

डॉक्टरकडे ने. आज, उद्या नाही. तुझ्या शाळेचं मी बोलले होते ना, ते मी मागे घेते. पोराकडे लक्ष दिलं नाही म्हणत होते, आणि बापूकडे कोणीच लक्ष दिलं नव्हतं. दिलंस ते तू.

तुमच्या सगळ्यांची,
मृदुलाआत्या


दांडिया बाजार, बडोदे
१४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

तू सांगितलेस तसेच केले. किल्ली आधी परत दिली, मग समोर बसलो. बापू आधी म्हणाले, काहीतरीच काय. मग चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, निवृत्तीच्या आधीपासून आहे. शेवटी त्यांनी विचारले की हे रसिकाबेनना कळले का. त्यांना वाटते लोक बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलतात आणि पाठ वळली की हसतात.

रावपुऱ्यात एका दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, थोडे वय आणि बराचसा कंपनीतला वर्षानुवर्षांचा आवाज. कानात यंत्र लावले की चांगले ऐकू येईल. यंत्र दाखवणाऱ्या मुलीला मी विचारले की हे स्वतः किती वाजते, कानात तापते का, आणि फोनला जोडले की मध्येच तुटते का. ती हसू लागली. म्हणाली, इतके प्रश्न कोणीच विचारत नाही. मी सांगितले की नुकतीच सवय झाली आहे.

परवा यंत्र बसवले. जिना चढताना बापू थांबले आणि विचारले, हे काय वाजते. त्यांच्याच चपला होत्या. घरात आल्यावर आई बोलली तर ते तिच्याकडे पाहत राहिले, आई लाजून आत गेली. संध्याकाळी मी कन्सोल लावला. जो मला कान टेकवून ऐकावा लागतो तो. बापूंनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, हे घूं घूं करते आहे. अट आठवली. तेव्हापासून ते त्याबद्दल काहीच बोललेले नाहीत आणि मी कन्सोलचा खोका अजून टाकलेला नाही.

सोबत बापूंचे पत्र आहे. त्यांनी मला दाखवलेले नाही, म्हणून त्यातल्या चुकांना मी जबाबदार नाही.

तुझ्या मायेत काही कमी पडू नये, हेच मागणे.
आशय


ती. ताईस, बापूचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही. थोडक्यात लिहितो.

आशय सांगतो की मी तुझ्यावर तीन वर्षं रागावलो आहे. हे मला माहीत नव्हतं. फोनवर मला तू म्हणजे डब्यात भुंगा अडकल्यासारखी ऐकू यायचीस. काय म्हणतेस कळायचं नाही, पुन्हा विचारायची लाज वाटायची, म्हणून शालिनीकडे द्यायचो.

आशयच्या यंत्राला मी आवाजाची अट घातली, कारण ऐकू येणारा माणूस तशी अट घालतो. तो पोरगा रोज येऊन विचारायचा, बापू, त्रास होत नाही ना. त्याचं तोंड बघून मी चालेल म्हणायचो. आता खरंच ऐकू येतं. फार घूं घूं करतं. पण अट माझी आहे, मला मोडता येते. त्याला खोका टाकायला सांगणार आहे.

प्रियाच्या लग्नात तू मला काय म्हणालीस, ते आज पहिल्यांदा कळलं, तेही आशयने समोर बसून, खाली मान घालून सांगितलं तेव्हा. त्या दिवशी तुझ्यामागे बँड वाजत होता आणि तुझे ओठ फार भरभर हलत होते. मला वाटलं, जेवल्याशिवाय जाऊ नकोस म्हणते आहेस. म्हणून मी हो हो, नक्की म्हणालो.

आता कळल्यावर वाटतं, बोललीस त्यात खोटं नव्हतं. पण रागावण्यासारखंही होतं. भाऊबीजेला सांगलीला येतो. पाटावर बसलो की तेच पुन्हा एकदा म्हण, सावकाश. या वेळी ऐकून रागावीन.

मग जेवल्याशिवाय जाणार नाही.

तुझा धाकटा,
बापू