पाच भाकरी आणि मंगलाची पिशवी

रवि. ९ मार्च

आज प्रवचनाला पाळकांनी येशूनं पाच भाकरींत हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट घेतली आणि माझं डोकं फिरलं. अजून फिरलेलंच आहे. स्वयंपाक केला, भांडी आपटली, नवऱ्याशी धड बोलले नाही.

त्यांचं म्हणणं असं: माळावर एवढी माणसं आली होती, ती काय रिकाम्या हातांनी आली असतील? प्रत्येकाच्या झोळीत, पदरात काही ना काही बांधलेलं होतंच. दुसऱ्याला द्यावं लागेल म्हणून कुणी बाहेर काढत नव्हतं. येशूनं जवळचं वाटायला घेतलं, ते पाहून सगळे ओशाळले, गाठोडी सुटली, सगळे पोटभर जेवले. भाकर वाढली नाही, मनं मोठी झाली. चमत्कार तो हाच.

सगळी मंडळी माना डोलवत होती. पाळक तरुण आहेत, शिकलेले, बोलतात गोड. हे लोकांना का आवडतं तेही कळतं मला. चमत्कार मानायचा संकोच नको आणि घरी जाताना छान वाटतं.

पण मग त्या भुकेल्यांचं काय झालं? ते भुकेले नव्हतेच. लपवून बसले होते. म्हणजे गोष्टीत उपाशी कुणी नाही, फक्त कंजूष आहेत!

वसंत जेवताना म्हणाला, "तुला काय, आभाळातून भाकरी पडायला पाहिजेत?"

मला काय पाहिजे ते माहीत नाही. हे नको.

मंगळ. ११ मार्च

जेवणाचा दिवस. मंगळवार-शुक्रवार चर्चच्या आवारात वरण-भात-भाजी, समोरच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी. मौदा, उमरेड, कुठून कुठून आलेली माणसं, व्हरांड्यात झोपणारी. वाढायला मी आणि महिला मंडळातल्या दोघी-तिघी, रांधायला कुसुम. ती उमरेडची, कोष्ट्यांची. घरातला माग केव्हाच विकला, नवरा ऑटो चालवतो. पहाटे त्याच्याच ऑटोतून कळमन्याच्या बाजारातून भाजी आणते. चर्चच्या आत कधी येत नाही, पण आवारातल्या चुलीवर राज्य तिचं.

संध्याकाळी कमिटी. वसंत सेक्रेटरी, मी महिला मंडळाची म्हणून. पाळकांनी मांडलं की शुक्रवारपासून 'सहभागाचं जेवण' करायचं. येणाऱ्यानं जवळ असेल ते आणायचं, टेबलावर ठेवायचं, मग सगळ्यांनी मिळून खायचं. फुकट घेण्यानं माणूस लहान होतो, देण्यानं मोठा होतो, वगैरे. कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, हातात मोबाईल असतात त्यांच्या. फाटकावर कमिटीतले फिलिपभाऊ उभे राहून विचारतील असं ठरलं.

मी नको म्हटलं. एकटी मीच. वसंतनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारचं प्रवचन मंगळवारी फाटकावर येऊन उभं राहिलं. मला वाटलं होतं की

जाऊ दे. झोप येत नाही, पण लिहवतही नाही.

शुक्र. १४ मार्च

धुळवड. दवाखान्याबाहेरच्या टपऱ्या, पोह्यांच्या गाड्या सगळं बंद. रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. कुसुम सकाळी आली ती केसात गुलाल घेऊन.

फिलिपभाऊ प्रत्येकाला विचारत होते, सोबत काय आणलं. वाईट माणूस नाही तो. सांगितलेलं काम मन लावून करतो, तेच नडतं. कुणी दोन केळी ठेवली, कुणी चुरमुऱ्याची पुडी. काही जण रांगेतून गुपचूप निघून गेले. ते मी पाहिलं. हातात पळी होती, जागची हलले नाही.

मग मंगला आली. कळमेश्वरची. नवरा तिथल्या एमआयडीसीत रोजीनं जायचा, पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय. येऊन-जाऊन ओळख झाली आहे, कुसुम तिला न विचारता भात जास्त वाढते. फिलिपभाऊंनी विचारलं, ती म्हणाली काही नाही. पिशवी फुगलेली दिसत होती. त्यांनी सरळ हात घालून ती उघडली. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पोळ्या आणि बिस्किटाचा पुडा.

"हे काय मग?" ते मोठ्यानं म्हणाले. रांगेतलं कुणीतरी हसलं.

पाळक तिथंच उभे होते. ते हसले नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, हेच सगळ्यांसोबत वाटून घ्या ना."

मंगलानं पोळ्या टेबलावर ठेवल्या, पुडा ठेवला, पिशवीची घडी केली आणि न जेवता गेली. पाळकांनी मागून हाक मारली. ती थांबली नाही.

फिलिपभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सगळं सिद्ध झालं.

आणि झालंच होतं! तिच्या पिशवीत होतं. पाळक म्हणाले तसंच होतं. याचाच संताप सगळ्यात जास्त येतोय. होतं, लपवलं होतं, ती खोटं बोलली. मग? उद्या काय मिळेल याची ज्याला खात्री नाही तो लपवणारच. माझ्या फ्रीजमध्ये काय काय आहे ते कुणी फाटकावर उघडून पाहत नाही.

शनि. १५ मार्च

सकाळी डबा घेऊन दवाखान्यात गेले. मंगला वॉर्डाबाहेर जिन्याजवळ बसली होती. मला पाहून उठून उभी राहिली, तेही नको वाटलं. मी माफी मागितली. ती ऐकून न ऐकल्यासारखी.

पोळ्या नवऱ्यासाठी होत्या. डॉक्टर म्हणाले होते, शनिवारी थोडं खायला देऊन पाहू. सणाचं सगळं बंद राहणार म्हणून तिनं गुरुवारीच कुणाकडून तरी मागून ठेवल्या होत्या.

डबा घेतला नाही. मी दोनदा पुढे केला.

"मी चोर नाई वं बाई," एवढंच म्हणाली. "त्याईच्यासाठी ठेवलं होतं."

तिथून सरळ पाळकांच्या घरी. डबा हातातच. त्यांच्या बायकोनं चहा विचारला, मी नको म्हटलं, गेल्या गेल्या सुरूच झाले. म्हटलं, तुम्ही गोष्ट उलटी फिरवली. उपाशी माणसाला गुन्हेगार केलं. तुमच्या त्या सुंदर अर्थामुळे एक बाई काल उपाशी गेली आणि आज तिचा नवरा.

शेवटी त्यांनी सांगितलं. लहानपणी घरात खायला नसायचं. धाकटी बहीण तापानं पडली, अंगात काही नव्हतंच. आई त्यांना ही गोष्ट वाचून दाखवायची आणि मग प्रार्थना करायला लावायची, की पाचाचे पुष्कळ होऊ दे. ते रोज भाकरीचा डबा उघडून पाहायचे. बहीण गेली. ती गेल्यावर शेजारणीनं भाकरी आणून दिल्या, तिच्याकडे आधीपासून होत्या.

"तुमच्या अर्थानं पाहिलं तर देवाला करता येत होतं आणि त्यानं केलं नाही," ते म्हणाले. "मला ती गोष्ट सांगता येत नाही, मॅडम. शेजारीण दार उघडू शकली असती, एवढंच मला सांगता येतं."

मी तशीच उठले. रस्त्यात रडू आलं, तेही रागाचंच. त्यांची बहीण गेली याचा मंगलाच्या पिशवीशी काय संबंध? त्या शेजारणीवरचा राग त्यांनी इतकी वर्षं सांभाळला आणि काल तो कुणावर काढला? जिच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं तिच्यावर.

हे तिथं सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं.

रवि. १६ मार्च

महिला मंडळाचा रविवार होता. संदेश माझा, आधीपासून ठरलेला. बायबलमधल्या रूथवर बोलणार होते. कागद घरीच ठेवला आणि पाच भाकरीच घेतल्या. वसंतला कळलं तसं त्यानं खाली मान घातली.

शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, तशीच बोलले. प्रश्न कुणाला विचारला आहे ते आधी पाहा, म्हटलं. शिष्य येऊन सांगतात, उशीर झाला, यांना पाठवून द्या, आपापलं विकत घेऊन खातील. समजूतदार माणसं, कुठल्याही कमिटीत शोभतील. (इथं कुणीतरी खोकलं.) येशू म्हणतो, तुम्हीच द्या. आणि मग विचारतो, काय आहे जवळ. कुणाला विचारतो? गर्दीला नाही. शिष्यांना. गर्दीला त्यानं एकच सांगितलं, गवतावर बसा. उभं केलं नाही, रांग लावली नाही. गर्दीत कुणाच्या झोळीत भाकर असेलही. त्यानं विचारलं नाही.

भाकर वाढली कशी ते मला माहीत नाही, म्हटलं. गोष्टीत ते सांगितलेलंच नाही. जिथं ती गप्प आहे तिथं आपणही गप्प बसावं. लोकांच्या पिशव्या उघडून ती जागा भरू नये.

'पिशव्या' म्हटल्याबरोबर सगळ्यांची डोकी फिलिपभाऊंकडे. पाळक पहिल्या बाकावर, माझ्याकडे पाहत होते. मला ती डबा उघडून पाहण्याची गोष्ट आठवली आणि पुढचं वाक्य तुटलं. 'आमेन' म्हणून खाली उतरले.

उपासना संपताच कमिटी बसली. मला बोलावलं नाही. वसंतनं घरी येऊन सांगितलं की वातावरण निवळेपर्यंत जेवण बंद.

"वाहवा," मी म्हटलं.

तो म्हणाला, "तू बरोबर होतीस. पण त्यातून जेवण बंद झालं, हेही खरं."

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

सोम. १७ मार्च

कुसुमला सांगायला गेले. वाटलं, ती तरी माझ्या बाजूची. ऐकून घेतलं आणि लसूण सोलणं थांबवून माझ्यावरच भडकली.

"तुमचं भांडण तुमच्या देवासंगं हाये, टीचर. माह्या चुलीले काहून मधात घेतलं? लोकं उद्या येऊन फाटक पाहतीन. त्याईले काय सांगू, टीचर बरोबर बोलल्या म्हनून भात नाई?"

मी म्हटलं, त्या बाईचा अपमान झाला, गप्प बसायचं होतं का? ती म्हणाली, अपमान मलेबी दिसला, पन मी शनिवारी तिच्या नवऱ्यासाठी पेज पाठवली. तुमी काय पाठवलं?

डबा नेला होता, हे सांगितलं नाही. घेतलाच कुठं होता मंगलानं.

मग मीच म्हटलं, माझ्या अंगणात होईल का? तिनं लगेच हो म्हटलं नाही. गॅस कुठला, पातेली कुठली, विचारत राहिली. पातेली चर्चची आहेत, ती मिळणार नाहीत. शेवटी म्हणाली, जाऊबाईकडून मागून आणते. राग गेलेला नव्हता. माझाही नाही.

मंगळ. १८ मार्च

अंगणात झालं. वसंतनं सकाळीच शेजाऱ्यांकडून सतरंज्या आणल्या आणि पाण्याचं पिंप भरलं. मी सगळ्यांना बसवूनच वाढायचं ठरवलं होतं. चर्चच्या फाटकावरून लोकांना इकडे पाठवायला कुसुमचा नवरा उभा राहिला.

माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ आले. मंगला नाही आली. कुसुम म्हणाली, नवऱ्याचं टेंपरेचर वाढलंय, ती वॉर्ड सोडत नाही.

पहिली पंगत बसली तेव्हा पाळक आले. एकटे. बाह्या सरसावून भाताचं पातेलं धरलं. चांगलं वाढतात, वाकून, ताटाकडे पाहून. मी वरण घेऊन त्यांच्या मागं. अशी सगळी ओळ झाली.

दुसऱ्या पंगतीला भात तळाशी लागला. कुसुमनं वरणात गरम पाणी ओतलं, मीठ टाकलं. मी पाळकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांनाही त्या पाच भाकरीच आठवल्या असणार. वाढलं तर वाढलं म्हणा. पुरलं नाही. वसंत ब्रेड आणायला धावला, तोही संपला. आमच्या फाटकापाशी अजून माणसं उभी होती. एक म्हातारा, दोन बाया, एकीच्या कडेवर लेकरू, त्यांच्या मागं आणखी काही. त्यांना मीच जाऊन सांगितलं की आज संपलं. म्हातारा म्हणाला, बरं बरं. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

त्या गोष्टीत शेवटी भाकरींच्या टोपल्या उरल्या. आमच्याकडे माणसं उरली.

सगळं आवरल्यावर पाळक हात धुऊन पायरीवर बसले. म्हणाले की कमिटीशी ते बोलतील, पण कमिटी ऐकेलच असं नाही. रविवारी पुन्हा तोच पाठ घेणार आहेत. मग म्हणाले, "जे परत गेले त्यांच्याबद्दल काय सांगू? माझ्या अर्थातही ते बसत नाहीत, तुमच्यातही नाहीत."

मी म्हटलं, मला विचारू नका, मी खूप रागात आहे.

"मीपण," ते म्हणाले.

कुसुम पातेली घासत होती, मान वर न करता म्हणाली की शुक्रवारी तांदूळ जास्त लागतीन, आन बसून राहन्यापरीस कोनी ही मोठी पातेली उचलून ठेवा.

पाळक उठले. एक कडी त्यांनी धरली, दुसरी मी.