पडद्यासह प्रीॲम्प

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्मेवाला, आता दुकान बंद करून घरी बसलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पाचवे कलम वाचून कुणी कपाळाला आठ्या घातल्या, तर आधी तो दाखला दाखवावा. कानही तपासून घेतले आहेत. डावा जरा कमी ऐकतो, उजवा ठणठणीत आहे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. ठेवावे, भाड्याने द्यावे की विकावे, ही तिची मर्जी. फक्त मागची खोली रिकामी करण्याआधी पाचवे कलम पाळावे.

२. डोळे तपासायच्या भिंगांची पेटी आणि काचा घासायचे यंत्र पुतण्याच्या दुकानात जावे. त्याचा हात चांगला आहे, पण घाई करतो. गिऱ्हाईक "दिसतं, दिसतं" म्हणाले तरी पुन्हा विचारावे. माणसे कंटाळूनही हो म्हणतात.

३. बायकोच्या धाकट्या भावाचा माझ्या प्रीॲम्पवर डोळा आहे. त्याच्या बहिणीला स्मशानात पोचवून आलो त्याच दिवशी तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "दाजी, तुमच्यामागे ती पेटी माझी हं." मी विसरलेलो नाही. त्याला माझ्या सगळ्या जाड वायरी द्याव्यात. वायर बदलली की आवाज बदलतो, असे तो आयुष्यभर सांगत आला. आता बसू दे बदलत.

४. प्रीॲम्प म्हणजे तबकडीवरचा बारीकसा आवाज सांभाळून उचलून मोठ्या ॲम्प्लिफायरच्या हाती देणारी पेटी. तिथेच खोट असली तर पुढे कितीही भारी स्पीकर लावा, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून घेताना मी दुकानदाराकडून तीन पेट्या घरी ऐकायला आणल्या. डोळ्यांना रुपडे भुलवते, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? दुकानातला काळा पडदा काढून मागच्या खोलीत टांगला. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि पडद्यामागे बायको वायरी बदलू लागली. जन्मभर मी गिऱ्हाइकांना जे विचारले तेच ती मला खोट्या गंभीर आवाजात विचारत होती, "हे बरं, की आधीचं बरं?"

बासरीची एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावली. पहिली पेटी इतकी स्वच्छ, की इस्पितळात बसल्यासारखे वाटले. दुसरी खाली भरघोस, वर चिरकी. तिसरीत मात्र बासरीच्या मागे कुणीतरी अगदी हळू गुणगुणत होते. मी ताडकन उठलो. "अगं, वाजवणारा स्वतः गुणगुणतोय! आधीच्या दोघींनी हे गिळलं होतं!"

"मग घ्या की हीच. माझे हात दुखले," ती म्हणाली.

तीच घेतली. पडदा तसाच राहिला, कारण खिडकीचा उजेड त्या बाजूला होता आणि तिने शिवणयंत्र तिथे हलवले. पुढे कितीतरी वर्षे आल्यागेल्याला मी ते गुणगुणणे ऐकवले. मेहुण्यानेही मान डोलावली.

ती गेल्यावर बऱ्याच दिवसांनी तबकडी लावली. बासरी होती, गुणगुणणे नव्हते. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने व्हॉल्व बदलले, सुई बदलली, तबकडी स्वतः ऐकली. मग म्हणाला, "काका, पेटीला काही झालेलं नाही. यात असलं काही नाहीच. तेव्हा वायरी कोण बदलत होतं?"

बासरी शेवटी खाली उतरते, तिथे ते गुणगुणणे वर जायचे. एवढा मोठा वादक असा चुकेल कसा, हे माझ्या डोक्यात कधी आलेच नाही. गाण्याचा हिला कंटाळा आहे, असेच मी धरून चाललो होतो. तीन पेट्यांतून मी पेटी निवडलीच नव्हती. त्या दिवशी मी दुरुस्तीवाल्याला चहाही विचारला नाही, तसाच बसून राहिलो.

५. या थंडीत एका दुपारी, प्लग काढलेला असताना, मी खुर्चीत बसलो होतो. पडद्यामागून गुणगुणणे आले. शेवटी वर गेले. मी पडदा सरकवला नाही. ती दिसेल याची भीती नव्हती, दिसणार नाही याची होती. तेव्हापासून अधूनमधून येते. दुरुस्तीवाल्यानेही ऐकले आहे, म्हणून त्याला साक्षीदार घेतले.

माझी मुलगी मागे फोनवर रडत म्हणाली होती, "बाबा, आईचा चेहरा येतो हो डोळ्यांसमोर, पण आवाजच आठवत नाही. किती आठवून बघते." तिला मी अजून काही सांगितलेले नाही. म्हातारा भ्रमला म्हणून ती धावत येईल, मला घेऊन जाईल, मग या खोलीत हिच्या सोबतीला कोण?

तो आवाज मला मुलीला द्यायचा आहे. वकील म्हणतात, जे आपल्या मालकीचे नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून जिथे तो ऐकू येतो ते सगळे देतो: प्रीॲम्प, तबकडी, शिवणयंत्र, खुर्ची आणि पडदा, आहे तिथे, आहे तसे. तिने एक दुपार तिथे एकटीने बसावे. प्लग लावू नये. पडद्याला हात लावू नये. काहीच ऐकू आले नाही, तर बापावर राग न धरता खोली रिकामी करावी आणि पेटी मामाला देऊन टाकावी. मग ती नुसतीच पेटी.

वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. तेव्हा यंत्र बंद होते, तबकडी पाकिटात होती.

स्थळ: मागची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपार
(सही) चष्मेवाला

साक्षीदार पहिला, दुरुस्तीवाला: सही माझ्यासमोर झाली. कलम पाचमधले मी ऐकले आहे. आजही ऐकले. (सही)

साक्षीदार दुसरा, शेजारचा दातांचा डॉक्टर: सही माझ्यासमोर झाली. मला काहीही ऐकू आले नाही. गाण्यातले मला ओ की ठो कळत नाही. (सही)

दुसऱ्या दिवशी त्याच सहीखाली जोडलेला मजकूर: काल घरी गेल्यापासून मी काहीतरी गुणगुणतो आहे, असे घरचे सांगतात. कुठली चाल, मला ठाऊक नाही. आमची ही म्हणते, "शेवटी असं वर काय जाता?" यांची मुलगी आली, की मला हाक मारावी. (सही)